मदत हवी आहे : ऑफिसातल्या पीसींची घड्याळं पुढं पळतायत (अर्जंट)

शेंगदाणा_चटणी
मंडळी, जरा लवकर सांगा. ऑफिसातले सगळे पीसी ७ मिनिटं पुढं आहेत. दारातल्या थंब मशीनवर माणूस वेळेत आणि ईआरपीत (ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर) लॉगिन केलं की लेट, एचआरच्या मॅडम रोज माझ्याच टेबलाशी येऊन उभ्या. हाताने टाइम लावला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत जैसे थे. 'इंटरनेट टाइम' नावाचा टॅब असतो म्हणतात, आमच्याकडं तो दिसतच नाही. काय करू?

केबलवाला
सीमॉसची बॅटरी (पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा सेल) गेलीये. सीआर२०३२ सेल आणा, पाच मिनिटांचं काम.

शेंगदाणा_चटणी
अहो, चाळीस पीसींचे सेल एकाच दिवशी कसे जातील? आणि सगळे बरोबर ७ मिनिटंच पुढं?

केबलवाला
एकदम घेतलेल्या लॉटमध्ये जातात, मी स्वतः पाहिलंय.

निळी_शाई
सेल गेला की बंद केलेला पीसी तारीखच विसरतो, आणि बहुतेक वेळा मागं जातो. ते जाऊ दे. ओएस कुठली? डोमेन (सगळे पीसी एका सर्व्हरच्या ताब्यात) की वर्कग्रुप (प्रत्येक पीसी स्वतंत्र)? सर्व्हर आहे का, असला तर खरा डबा की व्हर्च्युअल (दुसऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला)?

शेंगदाणा_चटणी
विंडोज, नेहमीचंच. सर्व्हर आहे. सोल्यूशन सांगा ना.

पेंग्विन_पुणेरी
म्हणूनच सांगत असतो, सर्व्हर लिनक्सवर टाका, क्रोनी (टाइम जुळवणारा प्रोग्रॅम) बसवा, दोन ओळींची कॉन्फिग फाइल की विषय संपला. विंडोजवाले आयुष्यभर रीस्टार्टच मारणार.

तिरपागडा
इतकं कशाला, लॉगॉन स्क्रिप्टमध्ये (लॉगिन होताच आपोआप चालणाऱ्या कमांड) 'नेट टाइम'ची एक ओळ टाका, सर्व्हरचा टाइम सगळ्यांवर चढेल. आमच्या जुन्या ऑफिसात वर्षानुवर्षं हेच चालायचं.

निळी_शाई
@तिरपागडा, लॉगॉन स्क्रिप्ट युजरच्या नावाने चालते आणि साध्या युजरला टाइम बदलायचा हक्कच नसतो, तुमच्याकडं सगळे अॅडमिन असणार. शिवाय सर्व्हरच चुकीचा असेल तर तीच चूक सगळीकडं चढवणार का?
@शेंगदाणा, तो टॅब दिसत नाही म्हणजेच पीसी डोमेनमध्ये आहेत. तिथं पीसी डोमेन कंट्रोलरला (डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरला) टाइम विचारतो आणि सगळ्यांच्या डोक्यावर पीडीसी एम्युलेटर ही मुख्य भूमिका असलेला सर्व्हर (थोडक्यात पीडीसी) असतो. म्हणून एकेका पीसीला हात लावून उपयोग नाही, वरचा चुकला की सगळी वरात चुकते. पीडीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स' मारा (इंग्रजीतच टाइप करायचं अर्थात) आणि काय येतं ते इथं टाका.

तिरपागडा
७ मिनिटं चुकीचं असतं तर कोणाला लॉगिनच झालं नसतं, कर्बेरॉसला (डोमेनची लॉगिन तपासणारी पद्धत) ५ मिनिटांच्या वर फरक चालत नाही.

निळी_शाई
कर्बेरॉस फक्त पीसी आणि सर्व्हर यांच्यातला फरक बघतं, खरी वेळ त्याला कुठून कळणार? सगळेच सारखे चुकले की ते खूश. उलट हाताने बरोबर केलेला पीसीच कुरकुर करू शकतो.

शेंगदाणा_चटणी
'व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर' असं आलं.

निळी_शाई
बघा, म्हणजे हायपर-व्हीवरचं (मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन आहे. आधी विचारलं तेव्हाच सांगायचं ना राव. होस्ट (ज्या खऱ्या मशीनवर ते व्हीएम चालतं ते) पण त्याच डोमेनमध्ये आहे का?

शेंगदाणा_चटणी
हो, सगळंच डोमेनमध्ये आहे. त्याचा काय संबंध?

निळी_शाई
होस्ट टाइम विचारतो डोमेनला म्हणजे त्या व्हीएमला, आणि व्हीएम विचारतं होस्टला. दोघंही एकमेकांच्या भरवशावर, बाहेर कोणी विचारतच नाही, मग वाहवत जाणारच.
उपाय: हायपर-व्ही मॅनेजरमध्ये त्या व्हीएमच्या सेटिंग्ज, इंटिग्रेशन सर्व्हिसेस, तिथली 'टाइम सिंक्रोनायझेशन'ची टिक काढा. मग फक्त पीडीसीवर मॅन्युअल पीअर लिस्टमध्ये (टाइम कोणाला विचारायचा ती यादी) समय१.एनआयसी.इन आणि समय२.एनआयसी.इन (सरकारी एनआयसीचे टाइम सर्व्हर) द्या, सिंकफ्रॉमफ्लॅग्ज मॅन्युअल, रिलायबल येस, अपडेट. विंडोज टाइम सर्व्हिस रीस्टार्ट, मग रीसिंक. बाकीच्या पीसींना काही करू नका, ते आपोआप मागं येतील. आणि हे संध्याकाळी सगळे गेल्यावर करा, भर दुपारी घड्याळ मागं गेलं तर ईआरपीत आधीची एंट्री नंतरची दिसेल आणि मॅडम परत टेबलाशी.

पेंग्विन_पुणेरी
एनआयसीच का? मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर काय वाईट आहे?

निळी_शाई
वाईट नाही. पण सर्ट-इनचे (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, एनआयसी किंवा एनपीएलचा (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी (नेटवर्कवरून टाइम देणारा) सर्व्हर, नाहीतर त्यांच्याशी जुळणारा वापरा म्हणून. त्यात बॉडी कॉर्पोरेट (म्हणजे कंपन्या वगैरे) पण धरलेत.

पेंग्विन_पुणेरी
चाळीस पीसींच्या ऑफिसला कोण विचारायला येतंय!

पेन्शनर_काका
वेळेवरून वाद आपल्याकडं जुनाच. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपला 'बॉम्बे टाइम' सोडला नाही, ३९ मिनिटं मागं, ते थेट १९५५ पर्यंत. तुमची सातच मिनिटं आहेत, कशाला एवढं टेन्शन घेता!

तिरपागडा
काका, धागा भरकटला.

शेंगदाणा_चटणी
रीसिंक मारलं तर 'नो टाइम डेटा वॉज अव्हेलेबल' म्हणतंय. टिक काढलीये, समय१ पिंग होतोय.

निळी_शाई
पिंगचा इथं उपयोग नाही. फायरवॉलमध्ये त्या सर्व्हरला यूडीपी १२३ (एनटीपीचा पोर्ट) बाहेर जायला मोकळा करा. मग 'डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट' समय१ वर लावून बघा, फरकाचे सेकंद दिसतील.

शेंगदाणा_चटणी
झालं! फायरवॉलवाल्याने पोर्ट उघडला, स्ट्रिपचार्टमध्ये फरक एका सेकंदाच्या आत. सोर्सलाही आता समय१ दिसतो. खूप आभार. पण आता थंब मशीनच दोन मिनिटं मागं निघालं.

रिकामटेकडी
आमच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा टाइम पण चुकतो, त्यालाही पीडीसी लागतो का?

निळी_शाई
@रिकामटेकडी, नाही, त्याच्या नेटवर्क मेनूत एनटीपी असतो, तिथं सर्व्हरचा आयपी टाका.
@शेंगदाणा, थंब मशीनला स्वतःचं घड्याळ असतं. हजेरीचं सॉफ्टवेअर ज्या पीसीवर आहे त्यात बहुतेक 'सिंक टाइम'सारखं बटण असेल, ते त्या पीसीचाच टाइम मशीनवर ढकलतं. पीसी आता बरोबर आहे, तेव्हा एकदा दाबून घ्या. फक्त पगाराची हजेरी काढायच्या दिवशी नको.