मानसिकता बदला म्हणे! आधी पहाटे पाचला तव्यापाशी या

वहीवाले काका (धागाकर्ता)
परवा आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एका चिरंजीवांनी भली मोठी पोस्ट टाकली. सोलापूरचा खाद्यउद्योग अजून वहीतच अडकलाय, शेंगाचटणी आणि कडक भाकरी करणारे सगळे आडमुठे, साठ्याचं सॉफ्टवेअर म्हटलं की पळतात, म्हणून आहे तिथेच आहेत. शेवटी हुकूम: 'मानसिकता बदला'. खाली पस्तीस अंगठे.

त्या पस्तिसांतले किती जण पहाटे पाचला तव्यापाशी उभे राहिलेत? माझ्याकडे नऊ बायका भाकरी थापतात. हाताला पीठ, समोर जाळ, मजुरी नगावर. त्यांनी दर शंभर भाकरीला टॅबलेटवर आकडा टाकायचा! घेतला होता मी टॅबलेट, २०२३ मध्ये, अठरा हजार मोजून. पहिल्याच आठवड्यात काचेवर पिठाचा थर. मग पुतण्याला बसवलं. तो कॉलेजला गेला की संध्याकाळी येऊन अंदाजपंचे भरायचा. महिनाअखेर सॉफ्टवेअरने सांगितलं, शिल्लक भाकरी उणे चारशे. उणे भाकरी कुणी बघितली असेल तर मला कळवा. विकणाऱ्यांना फोन केला तर 'सर, तिकीट रेज करा', म्हणजे ऑनलाइन तक्रार टाका. तीस वर्षांत माझ्या वहीत भाकरी कधी उणे झाली नाही.

जुळे सोलापूरकर
मीच तो चिरंजीव. काका, चूक अंदाजपंचे भरणाऱ्याची, शिव्या सॉफ्टवेअरला. आणि वहीत भाकरी उणे होत नाही कारण वहीत कुणी वजाबाकीच करत नाही.

एक सांगा. उद्या पुण्याहून फोन आला की चटणी खवट आहे. कुठल्या पोत्यातले शेंगदाणे, आणि त्याच पोत्याची चटणी आणखी कुठे गेली, हे वहीत किती वेळात सापडेल? खवटपणाचं एक वेळ सोडा. शेंगदाण्याला बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं, आणि ते भाजून पुरतं जात नाही. पाकिटावर बॅच नंबर छापायला लावलाय तो शोभेसाठी नाही.

बाळीवेसकर
आमच्याकडे बॅच नंबर म्हणजे त्या दिवसाची तारीख उलटी लिहितात. हुशारीच आहे की बे.

विजापूर वेस
मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. लोक टॅबलेटला घाबरत नाहीत, नोटिशीला घाबरतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात काय झालं? यूपीआयवर किती जमा झाले ते बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बेंगळुरूत लोकांनी क्यूआर कोड काढून 'फक्त रोख'च्या पाट्या लावल्या. माझ्या मेव्हण्याची तिकडे बेकरी आहे, त्याने त्याच आठवड्यात स्कॅनर गल्ल्याखाली सारला. ह्याला मानसिकता म्हणता? अनुभव आहे तो.

जुळे सोलापूरकर
राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. त्याच्यावर गेलात तर कर भरायलाच हवा, त्यात रडायचं काय?

विजापूर वेस
आणि खानावळीला वीस. एकाच शटरमध्ये चटणीही विकतो आणि ताटही वाढतो त्याचं काय, हे आमच्या कर सल्लागाराला तीनदा विचारलं, तीन उत्तरं मिळाली. तू चौथं दे.

पुण्यातला सोलापूरकर
सॉफ्टवेअर गेलं चुलीत. हल्ली पुण्यात 'सोलापुरी' म्हणून जी चटणी मिळते ती मिक्सरची पावडर असते. पूर्वी उखळात कुटायचे, शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत, दाताखाली लसूण यायचा. आमची आजी…

बाळीवेसकर
आली आजी!

उखळ मुसळ
पुणेकर बरोबर बोलतायत. मिक्सरचं पातं फिरतं, गरम होतं, चटणीचा एकतर भुगा होतो नाहीतर लगदा. कुटायला दाब लागतो.

वहीवाले काका
रोजची साठ किलो चटणी उखळात कुटून दाखवा, मग बोला. मी डंकावर, म्हणजे कांडप यंत्रावर कुटतो. डंकही कुटतोच, फिरवत नाही.

उखळ मुसळ
म्हणजे डंकाचं यंत्र चालतं, टॅबलेटचं चालत नाही? वा काका!

वहीवाले काका
डंक मला पासवर्ड विचारत नाही.

पुण्यातला सोलापूरकर
डंकावरची चटणी म्हणजे मसाला कांडपवाल्याचं काम. तिला उखळाची सर नाही. ज्यांनी खरी खाल्लीच नाही त्यांना काय कळणार.

उखळ मुसळ
मी तुमच्या बाजूने बोलत होतो, तरी मलाच टोमणा. राहा पुण्यात.

लक्ष्मी मार्केट
चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या शहरात तुम्ही डिजिटलवर भांडताय. पीठ मळायला टँकर मागवतो मी. त्याचं अ‍ॅप आहे का? आणि गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावला होता. एवढी गर्दी की नेटवर्क गुडूप. दोन तास गिऱ्हाईक 'पैसे कटले, पैसे कटले' म्हणत मोबाइल नाचवत होतं, माझ्याकडे जमा शून्य. आठशेची चटणी उधारीवर गेली, ती अजून फिरतेच आहे.

बचतगटवाली
वाचून हसू आलं. आमच्या गटात सात जणी आहोत, दोघींनाच नीट लिहिता येतं. सॉफ्टवेअर नाही, टॅबलेट नाही. पोतं फोडलं की त्याचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. तारीख-वेळ आपोआप येते. संध्याकाळी एकजण बोलून पाठवते, ह्या पोत्याची चटणी इतकी पाकिटं, अमुक दुकानाला इतकी. मागे एका दुकानातून तक्रार आली तेव्हा वीस मिनिटांत तेवढीच पाकिटं परत मागवली. शंभर रुपयांच्या अन्न परवान्याच्या नोंदणीला मात्र सायबर कॅफेवाल्याला बाराशे मोजले, ते दुःख वेगळं. दोघांनाही सांगते, हाताला पीठ असलं तरी तोंड मोकळं असतं.

जुळे सोलापूरकर
ताई, तुम्ही केलं तेच डिजिटल. मी वेगळं काय म्हणत होतो?

बचतगटवाली
तुम्ही आम्हाला आडमुठे म्हणत होता, दादा.

जुळे सोलापूरकर
बरं, तो शब्द मागे घेतो. 'मानसिकता' मात्र राहू द्या.

वहीवाले काका
आता निघालंच आहे तर सांगतो. गेल्या मे महिन्यात पुण्याची पेटी खवट म्हणून परत आली. वहीत होतं, 'शेंगा ४ पोती', पुढे दुकानदाराचं नाव, बास. कुठलं पोतं कधी फोडलं त्याचा पत्ता नाही. तीन आठवड्यांचा माल परत मागवला, त्यात चांगलाही गेला असणार. घरी सांगितलेलं नाही, इथे कुणी सांगू नये. फोटोचं मी करून बघेन. ताई म्हणाल्या म्हणून, चिरंजीवांनी पोस्ट टाकली म्हणून नव्हे.

जुळे सोलापूरकर
नोंद घेतली. काका, एकदा येऊन बघू का? उद्या चारपर्यंत पोचतो.

वहीवाले काका
चारला बायका घरी गेलेल्या असतात. पहाटे पाचला ये बे. लॅपटॉप आणू नको. वजनकाटा चार दिवसांपासून वीस ग्रॅम जास्त दाखवतोय, तो बघता आला तर बघ.