दोन किलोमीटरवरचा मित्र, आणि डेटा सिंगापूरला जाऊन का येतो?

सातारचा_नेटवाला:
मित्राच्या घरी एक छोटा सर्व्हर ठेवलाय, आमच्या घरांत जेमतेम दोन किलोमीटर अंतर, पण त्याचं कनेक्शन एका कंपनीचं आणि माझं दुसरीचं. पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) १३० मिलिसेकंदांच्या खाली येतच नाही, ट्रेसरूट मारला (म्हणजे डेटा कुठून कुठून जातो ते बघितलं) तर मधे सिंगापूरचे हॉप, म्हणजे तिथले टप्पे. कस्टमर केअरवाले म्हणतात राउटर बंद करून चालू करा. कंपन्यांनी आपसात डेटा द्यायला-घ्यायला देशात इंटरनेट एक्सचेंज आहेत ना, मग असं का?

फायबर_जोडणारा:
राउटरचा काही संबंध नाही. एक्सचेंज म्हणजे मुळात डेटा सेंटरमधला एक मोठा स्विच, आयएसपी, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपन्या, आपापली फायबर तिथं आणून लावतात आणि बीजीपीवर (रस्ते कळवायची नेटवर्कांची भाषा) एकमेकांना सांगतात की हे हे आयपी माझ्याकडे आहेत. निक्सी (NIXI) हे भारतातलं एक्सचेंज २००३ ला याचसाठी निघालं, मुंबईत डी-सिक्स (DE-CIX) हे दुसरं पण आहे. पण तुझी कंपनी तिथं नसेल, किंवा पोर्ट घेऊनही सगळे राउट जाहीर करत नसेल, तर पॅकेट ट्रान्झिटवाल्याकडे (पैसे घेऊन बाकीच्या इंटरनेटपर्यंत डेटा पोचवणारी मोठी कंपनी) जातं आणि तुमच्या दोन्ही कंपन्यांचे ट्रान्झिटवाले जिथं भेटतात तिथंपर्यंत फिरून येतं. त्या फेरीचे पैसेही शेवटी आपल्याच बिलात.

मोंबासाहून_परत:
केनियात हे फार वाईट होतं, नैरोबीतल्या नैरोबीतला मेलसुद्धा उपग्रहावरून परदेशात जाऊन यायचा. तिथल्या आयएसपींनी २००० च्या नोव्हेंबरमध्ये एक्सचेंज सुरू केलं तर सरकारी टेलिफोन कंपनीनं आमची मक्तेदारी मोडते म्हणून तक्रार केली आणि महिन्याभरात नियामकानं ते बंद पाडलं. लोकांनी सोडलं नाही, २००२ ला परत चालू झालं. मला त्या लोकांबद्दल खरंच आदर वाटतो.

जुना_अॅडमिन:
२००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा मी ड्यूटीवर होतो, बाहेरचं सगळं रडत होतं पण जे निक्सीवरून जात होतं ते व्यवस्थित चालू. परदेशातल्या सर्व्हरसाठी एक्सचेंज काही करू शकत नाही हे खरं, पण आपल्या बँका, रेल्वेचं तिकीट, हे तरी चालू राहायला पाहिजे ना. कोण कुठल्या एक्सचेंजवर आहे ते पिअरिंगडीबी या साइटवर दिसतं, तिथं दोन्ही कंपन्यांचे एएस नंबर (प्रत्येक नेटवर्कचा ओळख क्रमांक) टाकून बघ.

सातारचा_नेटवाला:
बघितलं. मित्राची कंपनी मुंबईत दोन एक्सचेंजवर आहे, माझी एकावरही दिसत नाही. ट्रेसरूट जोडून त्यांच्या नेटवर्क टीमला मेल टाकतोय, उत्तर आलं की इथंच लिहितो.