दोरी सुती असली तरी काच कापतेच. पाचनंतर पतंग उतरवायचे की नाही?

दांडियाबाजारची लेक
आमच्या बडोद्यात उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण झाला, दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायणही झालं. दोन्ही दिवस मी आमच्या भागातल्या प्राणिमित्र गटाबरोबर होते. गटाने आधीच घरोघरी विनंती केली होती की सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 5 नंतर पतंग उडवू नका. गुजरात सरकारच्या पक्षी वाचवायच्या करुणा अभियानातही हेच सांगतात. उत्तर मिळालं, "सणासुदीला आम्हाला शिकवू नका." म्हणून इथे लिहितेय.

14 तारखेला साडेपाचच्या सुमारास घरात आईचं हळदीकुंकू चाललं होतं. खालून दोन मुलं टॉवेलात गुंडाळून एक शराटी, म्हणजे लांब वाकड्या चोचीचा पक्षी, घेऊन आली. पंखाच्या पुढच्या कडेला जो पातळ पडदा ताणलेला असतो तो फाटला होता, आत पांढरं हाड दिसत होतं. गुलाबी दोरीचे सात-आठ वेढे बसले होते. ती ओढायची नसते, ओढली की करवतीसारखी आत जाते. नखं कापायच्या कात्रीने एकेक वेढा कापत वीस मिनिटं गेली. पक्ष्याचं डोकं झाकलं होतं, तरी बोटांखाली त्याची छाती धडधडताना कळत होती. मग 1962 ला फोन करून बोलावलेली प्राण्यांची रुग्णवाहिका आली. टाके पडतील, पण तो पडदा फाटल्यावर पुन्हा उडेल असं कोणी छातीठोक सांगत नाही.

ती दोरी नायलॉनची नव्हती, सुती होती. 2017 मध्ये हरित लवादाने नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांजावर बंदी घातली, तेव्हापासून सगळे म्हणतात, "आमचा माल सुती आहे, आमचा काय दोष?" अहो, कापते ती दोरीला लावलेली काच.

फिरकी_धर
ताई, पक्ष्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण वर्षातले दोन दिवस आहेत हो. पेच लागला नाही तर पतंग उडवायचा कशाला? आणि दिवसभर उन्हात फक्त पोरं असतात. आई, काकू, आजी सगळी कामं आवरून गच्चीवर येतात ती पाचलाच. नेमकं तेव्हाच बंद करा म्हणता.

दुसरं, तुमच्यासारख्या एका गटाच्या लोकांनी गेल्या वर्षी माझ्या दहा वर्षांच्या भाच्याचा व्हिडिओ काढून सगळीकडे फिरवला. "हा बघा पक्षी मारणारा." पोरगं दोन दिवस जेवलं नाही. ही कुठली दया?

मांडवीकर
आमच्याकडे तीन पिढ्या दोरी रंगवायचं काम आहे. रस्त्याकडेला खांब रोवून दोरा ताणायचा, भाताच्या खळीत रंग आणि काचेची पूड कालवून त्याची लुगदी हाताने फिरवत न्यायची. बोटांना पट्ट्या बांधूनही रात्री जेवताना मीठ झोंबतं. कारागीर उत्तर प्रदेशातून येतात, त्यांची महिना-दीड महिन्याची कमाई असते ही. नायलॉन चोरून विकणारा सापडत नाही आणि आम्ही उघड्यावर बसतो म्हणून बोल आम्हाला. आधी तो बंद करून दाखवा, मग आमच्याशी बोला.

अकोट्याची स्कूटर
दादा, तुमच्या बोटांचं दुःख कळतं. पण माझ्या नवऱ्याच्या मानेवर चार टाके आहेत. पुलावरून जाताना दोरी आडवी आली. ती कसली होती हे बघायला कोण थांबतं? आता जानेवारीभर हॅंडलला लोखंडी सळी लावून आणि गळ्याला ओढणी गुंडाळून फिरतो. लेकीची विनंती फार मवाळ आहे. माझं म्हणणं, काचेचा मांजाच नको, कुठल्याही वेळी.

रावपुऱ्याचे काका
कायदा आहे की. क्रूरता केली तर पकडा.

दांडियाबाजारची लेक
काका, 1960 चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे 10 ते 50 रुपये. एक फिरकीही येत नाही तेवढ्यात. शिवाय सातशे गच्च्यांमधून एक दोरी कोणाची हे कसं ठरवणार? म्हणून तर दारोदार जाऊन सांगतो.

फिरकीदादा, भाच्याचं झालं ते चूक झालं. लहान मुलाचा चेहरा दाखवून पक्षी वाचत नाहीत. आमच्या गटात हे मांडणार आहे.

पण पाचची वेळ आम्ही मनाने ठरवलेली नाही. बगळे, शराटी दिवसभर चरून विश्वामित्री नदीकाठच्या झाडांवर वस्तीला परततात ती तेव्हाच, आणि थव्याने. उन्हं तिरपी झाली की दोरी आपल्यालाही दिसत नाही. दुपारी पेच लावा, पतंग कापला की "लपेट" ओरडायला मीही येईन. काकू-आजींना तीनला वर बोलवा ना.

मांडवीकरदादा, लहान मुलांसाठी नुसता रंगवलेला, काच नसलेला दोरा तुम्ही ठेवाल का? मागणारे आम्ही आणतो.

मांडवीकर
ठेवायला हरकत नाही. विकला गेला नाही तर तोटा माझा, हे लक्षात ठेवा. आगाऊ नोंदणी द्या.

फिरकी_धर
पाच मला अजूनही मान्य नाही. सहाला उतरवीन. पण झाडांत अडकलेल्या दोऱ्या काढायला येतो, काल आमच्या गुलमोहरात एक कबुतर लटकून मेलेलं दिसलं. बांबूला आकडा बांधलाय. व्हिडिओ मात्र कोणी काढायचा नाही.

दांडियाबाजारची लेक
नाही काढणार. रविवारी सकाळी सातला कामाटीबागेच्या फाटकापाशी या. जाड हातमोजे आणा, आणि जमलं तर झाकणाला भोकं पाडलेलं एखादं खोकं.