मदत हवी आहे : 'ड्युरेबल', 'लास्टिंग' झालं, 'पेरेनिअल'ला अडलंय

नववीसाठी इंग्रजी शब्दांची सरावपत्रिका करतोय. सागाचा दरवाजा, ताडपत्री, फवारणी पंप अशा वापरूनही लवकर न झिजणाऱ्या वस्तूंना 'ड्युरेबल'. परिणाम, मैत्री यांना 'लास्टिंग', तेही बहुधा नामाच्या आधीच. 'द बॅटरी इज लास्टिंग' खटकतं, तिथे 'लाँग-लास्टिंग' हवं. पोरं घोळ करतात कारण मराठीत दोन्हीकडे 'टिकाऊ' चालून जातं. ('ड्युरेबल पीस' म्हणजे टिकाऊ शांतता, हेही बरोबरच, पण ते आत्ता नको.)

'पेरेनिअल' बारमाही नदीलाही लागतं, अनेक वर्षं जगणाऱ्या गवतालाही, जुनाट समस्येलाही. नेपियर गवताचं उदाहरण सरळ आहे. पऱ्हाटी (कपाशीचं झाड) मात्र मूळची बहुवर्षायू, आपण घेतो एका हंगामापुरती. मग पोराने तिला 'पेरेनिअल' लिहिलं तर गुण द्यायचे का? आणि 'पेरेनिअल प्रॉब्लेम'साठी गावातली दोन-तीन वाक्यं सुचवा, पाणीटंचाई सोडून.