मदत हवी आहे: बातम्या बंद करूनही मागच्या दाराने आत येतात

राज्यसेवेच्या अभ्यासासाठी बातम्यांचा मारा थांबवायचा आहे. न्यूज अ‍ॅप काढून भागत नाही, कारण खरा त्रास फीडचा असतो. क्रोममध्ये नवा टॅब उघडला की खाली डिस्कव्हरच्या बातम्या दिसतात. त्या शेजारच्या गिअरमधून बंद केल्या. होम स्क्रीन डावीकडून सरकवली की गूगलचं पान येतं, तेही होम सेटिंग्जमधून बंद. यूट्यूबची वॉच हिस्टरी नुसती थांबवून पुरत नाही, आधीची पुसावीही लागते. मग होम पान रिकामं होतं. पावसाच्या इशाऱ्यांपुरतं 'सचेत' अ‍ॅप ठेवलंय, ते राहू देणं मला गरजेचं वाटतं.

आता अडतंय ते इथे. यूट्यूबचा शॉर्ट्स टॅब तसाच राहतो. लेक्चर शोधायला गेलं की बोट तिकडे जातंच. बाहेरचं अ‍ॅप न टाकता तो घालवता येतो का? नात्यातला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट आणि अर्काइव्ह आहे, पण कुणी नाव टॅग केलं की सूचना वाजतेच. ग्रुप सोडणं घरात चालणार नाही.

आणि मुख्य प्रश्न चालू घडामोडींचा. रोज पेपर चाळण्याऐवजी रविवारी दोन तास, सोबत 'योजना' आणि 'लोकराज्य' ही मासिकं, एवढ्यावर पूर्व परीक्षेचं भागतं का? सरकारी योजना, नेमणुका, अहवाल नंतर एकत्र वाचले तरी चालतात, पण मुख्य परीक्षेत मुद्द्याची पार्श्वभूमी कच्ची राहील अशी भीती आहे. ज्यांनी असं साप्ताहिक वाचन केलंय त्यांनी नोट्स विषयवार काढल्या की तारखेनुसार, हेही सांगा.