बारावी इतिहास: साडेतीन पानांच्या उत्तराला चारपैकी दीड. नेमकं काय लिहायला हवं होतं?

जेलरोडकर:
नमस्कार मंडळी. मुलगी बारावी कला, मराठी माध्यम. कॉलेज नाशिकरोडलाच आहे, नाव लिहीत नाही, उगाच पोरीला ताप. परवा सहामाहीचे पेपर हातात मिळाले. इतिहासात 80 पैकी 47. नापास नाही, पण दहावीला सामाजिक शास्त्रांत तिला 91 होते, त्यामुळे दोन दिवस घरात कुणी धड जेवलेलं नाही. बेरीज मी स्वतः तपासली, ती बरोबर आहे.

वाद एकाच प्रश्नाचा आहे. 'व्हर्सायच्या तहात दुसऱ्या महायुद्धाची बीजे होती. तुमचे मत लिहा.' म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीवर लादलेला तह. चार गुण. तिनं साडेतीन पानं लिहिली, मिळाले दीड. लाल पेनानं दोनच शेरे. शेवटी 'मुद्दे नाहीत', आणि मधल्या परिच्छेदावर भली मोठी फुली मारून 'विषयांतर'.

ती फुली मला लागली, कारण तो परिच्छेद माझ्यामुळे आलाय. मी प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या नोटांच्या सरकारी छापखान्यात होतो, एकतीस वर्षं. 1923 साली जर्मनीत सरकारी छापखाना पुरेना म्हणून खासगी छापखान्यांना नोटांची कामं दिली, घाईघाईत कित्येक नोटा एकाच बाजूनं छापल्या, आणि नोव्हेंबरात एका डॉलरला 4 लाख 20 हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. हे सगळं मीच तिला जेवताना सांगितलं होतं. (मार्कांची किंमत कशी उतरते ते तेव्हा नुसतं ऐकून माहीत होतं, आता घरात बघतोय.) त्यानंतर दोन वर्षांनी, 1925 ला, आपल्या नाशिकरोडला प्रेस सुरू झाली आणि 1928 पासून इथं नोटा छापायला लागले, तेही तिनं लिहिलं.

जूनमध्ये सरांनी एक कागद वाटला होता. 80 लेखी, 20 प्रकल्प आणि तोंडी, आणि खाली लिहिलेलं, 'पाठांतर नको, स्वतःच्या शब्दांत विचार मांडा.' मग मांडला विचार तर फुली का? सरांना जाऊन भेटू का? आमची हयात मोजणीत गेली, दीड कुठून आले एवढं कळलं तरी गप्प बसेन.

कला_शाखा_२:
काका, माझी बारावी मागच्या वर्षी झाली. पानं कुणी मोजत नाही हो. चार मार्क म्हणजे चार मुद्दे, प्रत्येकाला आकडा घालायचा, खाली पट्टीनं रेघ मारायची. 'मत लिहा' असेल तर पहिल्याच ओळीत सहमत आहे की नाही ते लिहून टाकायचं. मी शेवटच्या पानावर लिहायचे, तिथवर सरांचा चहा येऊन गेलेला असायचा.

जुने_मास्तर:
रेघा मारून दीडाचे दोन होतील, त्यापुढे नाही. जेलरोडकर, मी देवळालीत राहतो, इतिहास शिकवूनच निवृत्त झालो. उत्तर बघितल्याशिवाय सरांना बोल लावणं बरं नाही. पहिल्या आणि शेवटच्या पानावर काय आहे ते जरा टाइप करा.

जेलरोडकर:
पहिल्या पानावर: तह 28 जून 1919 ला झाला. व्हर्सायच्या ज्या आरसेमहालात 1871 मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली तिथेच जर्मनीला सही करायला लावली. 231 व्या कलमानं युद्धाचा दोष जर्मनीवर आला. सैन्य एक लाखावर आणलं, अल्सेस-लॉरेन फ्रान्सला गेलं, नुकसानभरपाई लादली. मग दुसऱ्या पानापासून नोटा, मग प्रेस. शेवटचं वाक्य: 'म्हणून हिटलर सत्तेवर आला व 1939 साली दुसरे महायुद्ध सुरू झाले.'

जुने_मास्तर:
पहिलं पान उत्तम आहे. आरसेमहालाचं लिहिणारी मुलं वर्गात दोन-तीनच निघतात.

आता त्या 'म्हणून' शब्दावर बोट ठेवा. त्याच्या अलीकडे 1923 आहे आणि पलीकडे 1933, हिटलर सत्तेवर आला ते साल. मधली दहा वर्षं कुठे गेली? 1928 च्या निवडणुकीत नाझींना, म्हणजे हिटलरच्या पक्षाला, फक्त 12 जागा होत्या. तह तर 1919 चाच होता, अपमान तोच होता, मग लोकांनी तेव्हा त्यांना मतं का दिली नाहीत? 1930 ला 107 जागा झाल्या, जुलै 1932 ला 230. मध्ये 1929 ची मंदी येऊन गेली, 1932 साली तिथं साठ लाखांच्या आसपास माणसं बेकार होती. बीज तहात होतं असं मत असेल तर पाणी कुणी घातलं ते सांगायला नको का? 'तुमचे मत' यात परीक्षकाला हे हवं असतं.

नोटांचा परिच्छेद मात्र विषयांतर नाही. तो नुसता लोंबकळतोय. भरपाईचा हप्ता थकला म्हणून जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा जर्मनीच्या रुर खोऱ्यात घुसल्या, तिथल्या कामगारांनी काम बंद केलं, आणि सरकारनं त्यांना पोसायला आणखी नोटा छापल्या. मध्यमवर्गाची आयुष्यभराची शिल्लक त्यात बुडाली. एवढ्या दोन ओळींनी तह आणि नोटा जोडल्या असत्या तर मी फुली मारली नसती. प्रेसच्या ओळी मीही कापल्या असत्या, रागावू नका. मी अडीच दिले असते.

गंगापूररोडवरची_आई:
मास्तर, तुम्ही इथं जेवढं लिहिलंत त्याच्या निम्मं पेपरवर लिहिलं असतं तर त्या पोरीला कळलं असतं. 'मुद्दे नाहीत' हा काय शेरा झाला? माझ्या मुलाच्या पेपरवर तर 'सुधारणा हवी'. कशात ते शोधायला क्लास लावायचा का?

जुने_मास्तर:
मान्य. साठ-सत्तरांच्या गठ्ठ्यातला चाळिसावा पेपर तपासताना मीही 'मुद्दे नाहीत' लिहिलंय, आणि लिहिताना कळत होतं की हा आळस आहे.

जेलरोडकर, भेटायला तुम्ही जाऊ नका, तिला पाठवा. 'मार्क वाढवा' म्हणायचं नाही, 'यात काय असायला हवं होतं' असं विचारायचं. प्रेसचा मजकूर फुकट घालवू नका, 20 गुणांच्या प्रकल्पाला तो सोन्यासारखा आहे. जगाचा इतिहास नाशिककरांच्या दारातून गेलाय. आमच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून गोरे सोल्जर इतके कावायचे की डोकं फिरलेल्याला इंग्रजीत 'डूलाली' म्हणायला लागले.

जेलरोडकर:
मास्तर, आभार. काल मधल्या सुट्टीत ती गेली होती, मी गेटबाहेर स्कूटरवर बसून होतो. सरांनी उत्तर तिच्यासमोर पुन्हा वाचलं, रुरचं तोंडी विचारलं, तिनं सांगितलं (रात्री तुमचाच मजकूर वाचून गेली होती, हे सरांना सांगू नका). दीडाचे दोन केले. प्रकल्पाला '1923 चे चलन' हा विषय मंजूर झाला, आता शनिवारी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) पुस्तकं शोधायला जायचंय.

अर्धा मार्क मिळवायला म्हणून त्यांनी सगळ्या पेपरची बेरीज परत केली, तर तिसऱ्या प्रश्नात एक गुण दोनदा धरलेला निघाला. म्हणजे साडेसेहेचाळीस, आणि पूर्णांक करून परत 47. बेरीज मी तपासली होती असं वर लिहिलंय, ते कुणी प्रेसमधल्या जुन्या मंडळींना दाखवू नका.