चांदोली की वासोटा? ६७ वर्षांची आई, दोन भाचे आणि एक तंबू (मदत हवी आहे)

वारणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. मी मिरजेचा. डिसेंबरच्या शेवटी पुण्याहून बहिणीची दोन पोरं येतायत, एक १४ वर्षांचा, दुसरा ११. थोरल्याने वाढदिवसाला हट्टाने तंबू घेतलाय. परदेशातले व्हिडिओ बघून बसलाय. तिकडे म्हणे नॅशनल पार्कच्या आतच तंबू ठोकतात, सकाळी उठून तिथूनच डोंगर चढतात. ‘मामा, आपलं जवळचं नॅशनल पार्क कुठलं?’ असं त्याने विचारलं आणि माझ्या तोंडातून चांदोली निघून गेलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. चांदोलीचं नाव ऐकल्यावर आई म्हणाली, मी पण येणार. आईचं माहेर आतलं. ती लग्न होऊन मिरजेला आली, १९८५ ला अभयारण्य झालं आणि पुढे गाव उठून खाली वसाहतीत आलं. मामा लोकांना जमिनी मिळाल्या, घरं झाली, पण आई त्यानंतर एकदाही वर गेलेली नाही. तंबू बघून म्हणाली, ‘ह्यात कशाला झोपायचं? आमी गोठ्यात झोपत हुतो, बाहेर गवा फुसफुसायचा.’ पोरं तेव्हापासून तिच्या मागे लागलीत.

आता माझा अनुभव सांगतो, म्हणजे सल्ला देताना सोपं जाईल. वासोट्याला, म्हणजे कोयनेच्या रानातल्या किल्ल्यावर, दोनदा गेलोय. बामणोलीला परवानगी घ्यायची, लाँचने शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) ओलांडायचा, पायथ्याला पिशव्या उघडून प्लास्टिक मोजून द्यायचं आणि दाट रानातून अडीच-तीन तास चढायचं. नागेश्वरच्या बाजूचा कडा वरून बघताना माझे पाय लटपटले होते. पण गडावर मुक्काम बंद, दिवस मावळायच्या आत लाँचवर परत. म्हणून दुसऱ्या वेळी बॅकवॉटरला एका टेंटवाल्याकडे रात्र काढली. ‘निसर्गाच्या कुशीत’ असं पाटीवर होतं. रात्री साडेबारापर्यंत स्पीकर चालू आणि पहाटे पाण्यावर थर्माकोलच्या प्लेटा तरंगत होत्या. पोरांना तसलं दाखवायचं नाहीये.

तर प्रश्न असे:

१. चांदोलीच्या आत तंबूत राहता येतं का? माझ्या समजुतीप्रमाणे नाही, पण खात्री हवी.
२. आत पायी फिरू देतात की गाडीतूनच?
३. आईचे गुडघे सपाटीला बरे आहेत, चढ नको. झोळंबीच्या सड्यापर्यंत तिला नेता येईल का?
४. हे सोपं नाही, तरी विचारतो. उठलेल्या गावांच्या जागा बघू देतात का?

पायवाट_सातारा

पहिल्याचं उत्तर तुमच्याकडेच आहे, नाही. २००४ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. हा भाग गाभ्यात येतो, तिथे रात्री पर्यटक ठेवत नाहीत. आता तर ताडोबाहून वाघीण आणून सोडलीय. भाच्याला सांगा, मामा कंजूष नाही, नियम आहे.

तंबूचीच हौस असेल तर कोयनेच्या बाजूला तापोळा, बामणोलीत गावकऱ्यांच्या शेतात सोय होते. कंपनी नको, घर बघा. आणि शनिवार टाळा.

शिराळ्याचा_नातू

दादा, मी तिकडचाच. पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, चरण, आरळा करत मणदूरला या. आदल्या रात्री वारणावती नाहीतर मणदूरच्या बाजूला कुणाच्या तरी घरी मुक्काम करा आणि पोरांचा तंबू अंगणातच ठोका. हसू नका, आमच्या पाहुण्यांच्या पोरांनी हेच केलं. डिसेंबरात पहाटे तंबूवर एवढं दव पडतं की आतून बोट लावलं की पाणी गळतं. दोन जाड वाकळा आणा, स्लीपिंग बॅगच्या भरवशावर राहू नका.

सकाळी गाडी आणि सोबत वाटाड्या, असंच आत जायचं. आपल्या मनाने उतरून चालत सुटायचं नाही, थांबवतात तिथेच पाय मोकळे करायचे. झोळंबीचा सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, सपाट. आईंना तिथे काही त्रास नाही, पण कोरड्या जांभ्याला धार असते, चप्पल नको, बूट घाला. पावसाळ्यानंतर गवत सोनेरी होतं तेव्हा बघण्यासारखा असतो. वाघ दिसेल असं पोरांना सांगूच नका. गवा, शेकरू, नशीब असलं तर अस्वलाची ताजी विष्ठा. थोरल्याला तीच जास्त आवडेल.

चौथ्याबद्दल. जुन्या गावांची जागा ओळखू येते. जिथे आजूबाजूला किर्र रान आणि मधेच मोकळा गवताचा पट्टा, ती कुणाची तरी भातखाचरं. गवे तिथेच चरायला उतरतात. बाजूला आंबा-फणस ओळीत दिसला की समजायचं, इथे घरं होती. रानातला फणस ओळीत उगवत नसतो. रस्त्यालगत असेल तर दिसेल, आत असेल तर गाडी वळवत नाहीत. आईंच्या गावाचं नाव इथे लिहू नका हवं तर, पण मणदूरला वाटाड्याला आधी सांगा. त्यांच्यातली बरीच पोरं त्याच गावांतली आहेत.

मिरजकर_वहिनी

ट्रेकचं काय मग? त्या पोरांना गाडीत बसून काय मिळणार? परतीच्या वाटेवर वाकडी वाट करून सागरेश्वरला न्या. साडेदहा-अकरा चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, देवराष्ट्र्याजवळ. पायी फिरता येतं, वरच्या टोकावरून कृष्णाकाठचा ऊस दिसतो आणि चितळं-सांबरं नक्की. शिवाय ते रान माणसांनी लावलेलं आहे, उजाड डोंगरावर. तुमच्या आईंना तो उलटा प्रकार बघून काय वाटेल, मला उत्सुकता आहे.

पायवाट_सातारा

वहिनी, सागरेश्वरला ट्रेक म्हणणं म्हणजे गणपती मंदिराच्या टेकडीला गड म्हणण्यातला प्रकार. पण ११ वर्षांच्या पोराला चालेल. थोरल्याला पुढच्या वर्षी प्रचितगड द्या, कोकणातून शृंगारपूरवरून. शिडी आहे, आईला सांगू नका.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: पहिली रात्र मणदूरला अंगणात तंबू, दुसऱ्या दिवशी सकाळी चांदोली, येताना सागरेश्वर. थोरला आधी फुगून बसला होता, अस्वलाच्या विष्ठेचं वाचून दाखवल्यावर खुलला.

आईला धागा वाचून दाखवला. ओळीतल्या फणसांपाशी तिने थांबवलं. म्हणाली, ‘आमच्या परड्यात तीन हुते. मधला कापा, कडंचे दोन बरके.’ मग बराच वेळ काही बोलली नाही आणि एकदम विचारलं, ग्रामदेवीला नारळ नेऊ देतील का.

शिराळ्याचा_नातू, हे तुम्हीच सांगा.

शिराळ्याचा_नातू

नारळ न्या. फोडायचा आणि उदबत्ती-कापूर लावायचा नाही, आत जाळ चालत नाही. आमची आजी नारळ रस्त्याकडेलाच दगडाला टेकवून, हात जोडून परत घेऊन आली आणि मणदूरच्या देवळात फोडला. निम्मा वाटाड्याला दिला. आईंना विचारा, कडेचा बरका की मधला कापा, कुठल्या झाडाखाली थांबायचं ते आधीच ठरवून या.